शिकणे, शिकविणे आणि शिक्षा

१

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, मानेसर हे गाव आहे. पूर्वी शेतीवर जगणारे हे गाव आज कारखान्यांचे नगर झाले आहे. त्या नगरातील शाळांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवर ‘शिक्षा’ हा शब्द वाचताना मराठी मनुष्य क्षणभर थबकतो. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्याभ्यास. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. एकाच संस्कृत शब्दाला दोन भाषांनी असे दोन अर्थ द्यावेत, याची गंमत वाटून विषय बहुधा तेथेच संपतो. कोणी थोडा पुढे गेलाच, तर मराठी माणसाच्या पंतोजीच्या छडीने हा अर्थ शब्दाला चिकटविला, असे विनोदाने सांगून मोकळा होतो.

हा विनोद शास्त्राला धरून नाही. शिक्षेचा अर्थ दंड असा करणारी मराठी एकटी नाही. गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मलयाळम या भाषांतही तो शब्द दंडवाचकच आहे. उलट हिंदी, पंजाबी, बंगाली, असमिया, ओडिया या भाषांत तो विद्यावाचक राहिला. म्हणजे शिक्षा शब्दाच्या अर्थाची एक सीमा भारताच्या नकाशावरून जाते, आणि मराठी त्या सीमेच्या दक्षिणेकडील बाजूस पडते. शिवाय उत्तरेकडील भाषांतही दंडाचा अर्थ अगदीच अपरिचित नाही. बंगालीत एखाद्याला ‘उचित शिक्षा’ दिली म्हणजे त्याची चांगलीच खोड मोडली. हिंदीत ‘सबक’ शिकविला जातो, मराठीत ‘धडा’. तेव्हा प्रश्न एका भाषेच्या लहरीचा नाही. दुसऱ्याला शिकविणे या कल्पनेतच असे काय आहे की तिची वाट वारंवार दंडाकडे वळावी, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शब्दांच्या मुळाशी गेल्यावाचून मिळणार नाही.

२

संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत ‘शिक्ष्’ या रूपाचा संबंध ‘शक्’ या धातूशी लावला जातो. शक् म्हणजे समर्थ असणे. त्याचे इच्छार्थक रूप शिक्ष्, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा करणे. धातुपाठात शिक्ष् हा स्वतंत्र धातूही दिला असून त्याचा अर्थ विद्येचे उपादान असा सांगितला आहे. उपादान म्हणजे आपल्याकडे घेणे, दान नव्हे. हा धातू आत्मनेपदी आहे, म्हणजे परंपरेच्या समजुतीप्रमाणे क्रियेचे फळ कर्त्याकडेच येते. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे शिक्षणाच्या मूळ कल्पनेत पहिले स्थान कोणाचे, हे स्पष्ट होते. ते गुरूचे नाही. जो आज असमर्थ आहे व उद्या समर्थ होऊ इच्छितो, त्या शिकणाऱ्याचे ते आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वैदिक भाषेत ‘शिक्षति’ हे परस्मैपदी रूप देणे, साह्य करणे या अर्थी येते; निघंटूने त्याची गणना दानवाचक क्रियापदांत केली आहे. मग शिक्षणाचे मूळ दानात आहे असे का म्हणू नये? पण हा पुरावा वरील विधानाला बाधक न होता पोषकच ठरतो. देणाऱ्याची क्रिया परस्मैपदाने आणि शिकणाऱ्याची आत्मनेपदाने सांगून भाषेने दोन्ही बाजू वेगळ्या राखल्या. आणि विद्येच्या अर्थी पुढे जे रूप टिकले ते घेणाऱ्याचे टिकले.

बृहदारण्यकोपनिषदातील प्रजापतीची कथा या दृष्टीने मननीय आहे. देव, मनुष्य आणि असुर ही प्रजापतीची तीन प्रकारची मुले ब्रह्मचर्य संपवून उपदेश मागतात. तो तिघांनाही ‘द’ हे एकच अक्षर देतो आणि काय समजलात असे विचारतो. देवांना त्यात दम ऐकू येतो, मनुष्यांना दान, असुरांना दया. तिघांचीही उत्तरे प्रजापती मान्य करतो. गुरूने अक्षर दिले, अर्थ मात्र प्रत्येकाने आपल्या उणिवेतून काढला. या तिन्ही गोष्टी शिकाव्यात असे शेवटी सांगताना उपनिषदाने शिक्ष् हाच धातू योजला आहे, हे विसरता येत नाही.

पण संस्कृतात शिक्षणाचे दुसरेही एक कूळ आहे, आणि ते ‘शास्’ या धातूचे. शास् म्हणजे आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे. शासन, अनुशासन, शास्त्र आणि शिष्य हे शब्द त्याच कुळातले. शिष्य म्हणजे ज्याला शासन करावयाचे तो. येथे केंद्र गुरूकडे सरकते. तैत्तिरीयोपनिषदाच्या पहिल्या वल्लीचे नाव शीक्षावल्ली, आणि तिच्यातच आचार्य अध्ययन संपविलेल्या अंतेवासीला जो निरोपाचा उपदेश करतो त्यासाठी अनुशासनाचे क्रियापद आले आहे. दोन्ही कुळे तेथे एकत्र नांदतात. पण त्या अनुशासनातही आचार्य सांगतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घ्यावीत, इतर नव्हेत. आज्ञा करणारा स्वतःच आपल्या आज्ञेला मर्यादा घालतो. ही मर्यादा सुटली की शिक्ष् कुळातला शब्द शास् कुळाच्या घरी जाऊन राहतो. मराठीतील शिक्षेचे झाले ते हेच. समर्थ होण्याच्या इच्छेचे नाव त्या इच्छेवर चालविलेल्या अंमलाला मिळाले.

३

शिक्षा हा शब्द असा हातचा गेल्यावर मराठीने विद्याभ्यासासाठी ‘शिक्षण’ हा शब्द जवळ केला आणि त्याला दंडाचा स्पर्श होऊ दिला नाही. पण मराठीची खरी संपत्ती या तत्सम शब्दात नसून ‘शिकणे’ या साध्या तद्भव क्रियापदात आहे. प्राकृतातील ‘सिक्ख’ वरून आलेल्या या क्रियापदाने मूळ धातूचा स्वभाव जसाच्या तसा राखला. मूल शिकते, शिकण्याचा कर्ता तेच. गुरूची क्रिया सांगावयाची झाली तर मराठीला स्वतंत्र धातू न घेता शिकणे याचेच प्रयोजक रूप करावे लागते. शिकविणे म्हणजे शिकण्यास प्रवृत्त करणे. गुरू येथे प्रयोजक कर्ता आहे, शिकण्याचा मूळ कर्ता नाही.

प्रयोजक क्रियापदांतही दोन जाती आहेत. सुताराकडून काम करविले, या वाक्यात सुतार हे साधन. काम झाले की त्याच्याशी संबंध संपला. पण आई मुलाला जेवविते, पाणी पाजते, गुरू मुलाला शिकवितो, या वाक्यांत ‘मुलाकडून’ असे म्हणता येत नाही. कारण जेवण मुलाच्याच पोटात जावयाचे आहे. पाणिनीनेही जाणे, जाणणे आणि खाणे या अर्थांचे धातू एकाच सूत्रात गोवून त्यांच्या मूळ कर्त्याला प्रयोजक वाक्यात कर्माचे स्थान दिले आहे. ज्ञान आणि अन्न यांना एका नियमात बसविणाऱ्या वैयाकरणाची दृष्टी किती सूक्ष्म होती! दुसऱ्यासाठी कोणी जेवू शकत नाही, तसे दुसऱ्यासाठी कोणी शिकूही शकत नाही.

इंग्रजी शब्दाकडे पाहिले तरी याच अन्नाशी गाठ पडते. त्या शब्दाचे मूळ ‘बाहेर काढणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात असून शिक्षण म्हणजे मुलाच्या अंतरंगातले बाहेर आणणे, असे अनेक व्याख्यानांतून सांगितले जाते. व्युत्पत्ती म्हणून ते अचूक नाही. शब्द आला तो पालनपोषण करणे या अर्थाच्या जवळच्याच, पण निराळ्या क्रियापदापासून. आणि वॅरो हा रोमन पंडित ती क्रिया दाईची मानतो, अध्यापकाची नव्हे. तथापि लॅटिनमध्ये पोसणारा हा कर्ता आहे आणि मूल हे कर्म. मराठीत मूल प्रयोजक वाक्यातही आपले कर्तेपण पुरते गमावीत नाही.

मराठी बोलणाऱ्यांना ही जाणीव किती आहे, हे ‘पढविणे’ या शब्दाच्या नशिबावरून दिसते. हिंदीत ‘पढ़ाना’ हे अध्यापनाचे प्रतिष्ठित नाव. मराठीत मात्र पोपट पढविला जातो, साक्षीदार पढविला जातो. ज्याने स्वतः काही घेतले नाही, ज्याच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द ठेवले गेले, त्याच्यासाठी मराठीने हा शब्द राखून ठेवला. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात सामान्य मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला, तो याच जाणिवेतून. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचे नाव ‘शिकवण’ असून त्याचा आरंभ अक्षर कसे काढावे यापासून होतो. शिकवण ही रामदासांच्या लेखी प्रथम हाताची गोष्ट आहे, आणि हात ज्याचा त्याने चालवावयाचा असतो.

४

या व्याकरणाची सर्वांत कठोर कसोटी महाभारतात लागते, आणि ती कथा मानेसरच्या परिसरात आजही जिवंत आहे. गुरुग्राम हे नाव द्रोणाचार्यांना मिळालेल्या गावाचे, अशी लोकश्रद्धा आहे. गुडगाव हे प्रचलित नाव बदलून २०१६ साली सरकारने तेच अधिकृत केले. मानेसरकडे जाणाऱ्या वाटेवरील खांडसा या गावी एकलव्याचे लहानसे देऊळ आहे, आणि त्याचा अंगठा तेथेच तुटला असे लोक मानतात. जिल्ह्याला गुरूचे नाव आणि शिष्याला खेड्यातील एक देऊळ, ही वाटणीच बोलकी आहे.

आदिपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. निषादराजाचा मुलगा म्हणून द्रोणाने एकलव्याला नाकारले. त्याने अरण्यात द्रोणाची मातीची मूर्ती केली व तिच्यापुढे अभ्यास करून असे कौशल्य मिळविले की भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड त्याने सात बाणांनी बंद केले. पांडवांनी विचारल्यावर त्याने आपण द्रोणाचे शिष्य असल्याचे सांगितले. अर्जुनाने द्रोणाला त्याच्या वचनाची आठवण दिली आणि द्रोणाने दक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला.

या कथेवर दोन प्रकारची भाष्ये होत आली आहेत. एक गुरुभक्तीचे, दुसरे अन्यायाचे. पहिले भाष्य एकलव्याला आदर्श शिष्य ठरविते आणि द्रोणाचा नकार त्या आदर्शाच्या तेजात झाकून टाकते. दुसरे भाष्य न्यायाचे आहे. पण तेही अनेकदा एकलव्याच्या स्वयंशिक्षणाच्या गौरवावर येऊन थांबते. मूळ धातूचा अर्थ तेवढा धरला तर हा गौरव योग्यच वाटेल. समर्थ होण्याची इच्छा आणि तिचे फळ स्वतःकडे घेणे, दोन्ही एकलव्यात पुरी आहेत. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. ज्याला इच्छा आहे तो गुरूवाचूनही शिकतो, असे एकदा मानले की ज्यांनी दार लावले त्यांच्यावरचा दोष आपोआप उतरतो. शिकणे ही शिकणाऱ्याची क्रिया आहे, या सत्याचा उपयोग शिकविण्याचे कर्तव्य नाकारण्यासाठी होऊ शकतो, आणि आजवर तो झालाही आहे.

व्याकरणाच्या भाषेत द्रोणाचा अपराध नेमका सांगता येतो. ‘एकलव्य धनुर्विद्या शिकला’ हे वाक्य खरे आहे. ‘द्रोणाने एकलव्याला धनुर्विद्या शिकविली’ हे वाक्य खोटे आहे. प्रयोजक होण्याचे द्रोणाने नाकारले होते. पण फळाची वेळ येताच त्याने दुसरे वाक्य खरे मानून दक्षिणा मागितली. कर्तव्याच्या वेळी गुरू नाही आणि हक्काच्या वेळी गुरू आहे, असा हा व्यवहार. शिवाय मागणी अशी की तिने नेमके ते सामर्थ्य नष्ट व्हावे, ज्याच्या इच्छेचे नाव शिक्षा.

मराठीतील ‘शिस्त’ हा शब्द ऐकताना पुष्कळांना तो शास् कुळातला वाटतो. वस्तुतः तो फारसीतून आला. त्याचा जुना मराठी अर्थ नेम असा असून शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. आणि मूळ फारसी शब्दाच्या अर्थांत धनुर्धराचा अंगठा व त्या अंगठ्यात घालावयाचे कडे हेही अर्थ आहेत. शाळेतल्या शिस्तीचा उगम असा धनुष्याच्या अंगठ्याशी पोचतो. शिस्त ही शिकणाऱ्याच्या स्वतःच्या नेमाची असते तेव्हा ती त्याच्या हाताचे बळ होते. दुसऱ्याच्या सोयीसाठी लादली जाते तेव्हा तिची अंगठ्याची दक्षिणा होते.

मानेसरमध्ये ही कथा आज वेगळ्या वेषात पाहावयास मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडलेली मुले येथील मोटारींच्या व सुट्या भागांच्या कारखान्यांत उमेदवारीसाठी येतात. मराठी कायद्याच्या भाषेत त्यांना ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. उमेद म्हणजे आशा; उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. फारसीतून आलेल्या या शब्दाने शिक्ष् धातूतील इच्छाच पुन्हा सांगितली आहे. पण १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने असा मुलगा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे ठरविले. त्याला वेतन नव्हे, विद्यावेतन. या भेदाला अर्थ येतो तो त्याला खरोखर काही शिकविले जात असेल तेव्हाच. केवळ यंत्रापुढे उभे करून त्याच्याकडून काम करवून घेतले जात असेल, तर शिकविणे या क्रियापदाच्या जागी करविणे हे क्रियापद येऊन बसले आहे, आणि शिकण्याच्या नावाने दक्षिणा घेतली जात आहे, असेच म्हणावे लागेल.

५

महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचे महत्त्व हे की प्रयोजक कोण, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. दक्षिणेचा निधी विद्येला उत्तेजन देण्यासाठी होता, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण आहे. त्या नाटकात एक जोशी भोळ्या कुणबी दांपत्याला ग्रहांचे भय घालून नागवितो. आणि डोळे उघडल्यावर ते दोघे शिक्षा मागत नाहीत, शाळेत जाण्याचे ठरवितात. रंगभूमीच्या तंत्राच्या दृष्टीने या शेवटाला बोधप्रद म्हणून कमी लेखणे सोपे आहे. पण त्या शेवटात मराठी साहित्याने पहिल्यांदाच एका शेतकऱ्याला व त्याच्या बायकोला ‘शिकणे’ या क्रियापदाचे कर्तेपण दिले, हे टीकाकाराने पाहिले पाहिजे.

त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. शाळेत नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली मुलगी धर्माच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. हा निबंध शिकविलेला नव्हे, शिकलेला आहे, याची खूण त्याच्या रागात आहे. पढविलेल्या पोराच्या लेखनात असा राग येत नाही.

फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला व १९०६ साली तो साऱ्या संस्थानात नेला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. शिक्ष् कुळाचा पक्ष घेणाऱ्याला येथे अडचण वाटेल. इच्छेच्या जागी सक्ती आली, शिक्षणाच्या दारात पुन्हा शिक्षा उभी राहिली, असा तो आक्षेप. पण दंड कोणाला, हे पाहावयास हवे. तो शिकणाऱ्या मुलाला नाही. मुलाच्या इच्छेच्या आड येणाऱ्या वडीलधाऱ्यांना आहे. शास् धातूचे कर्म येथे बदलले आहे. शासन शिष्यावर नव्हे, तर शिकविण्याचे कर्तव्य टाळणाऱ्या समाजावर चालवावयाचे, ही कल्पना द्रोणाच्या व्यवहाराला दिलेले खरे उत्तर होय.

या परिवर्तनाची सर्वांत सूक्ष्म खूण एका भाषांतरात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत आपल्या इंग्रजी भाषणातून जो तीन शब्दांचा संदेश दिला, त्यातील पहिले क्रियापद इंग्रजीत सकर्मक आहे. ते कोणाला तरी शिक्षित करण्याविषयी बोलते. कोणाला, ते कर्म मात्र मोकळे सोडते. मराठीत तो संदेश रूढ झाला तेव्हा त्याचे ‘शिकवा’ झाले नाही, ‘शिका’ झाले. कोशाच्या हिशेबाने हे भाषांतर सैल आहे. परंतु ज्यांना शतकानुशतके कोणी शिकवावयासच तयार नव्हते, त्यांनी कोणाच्या प्रयोजकतेची वाट पाहू नये, हा आशय इंग्रजी क्रियापदापेक्षा मराठी क्रियापदाने अधिक नेमका पकडला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची परंपरा ज्या योजनेच्या नावाने ओळखली जाते, ते नावही ‘कमवा आणि शिका’ असेच, शिकणाऱ्याला उद्देशून आहे. अर्थात दोघांनीही शिकणाऱ्याला त्याच्या इच्छेवर सोडून दिले नाही. एकाने वसतिगृहे बांधली, दुसऱ्याने १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. क्रियापदाचे कर्तेपण शिकणाऱ्याकडे आणि प्रयोजकाचा भार स्वतःकडे, ही ती वाटणी.

६

ही वाटणी पुढे टिकली काय, याचे उत्तर मराठी कादंबरीने दिले आहे. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी प्रौढ साक्षरतेच्या सरकारी मोहिमेवर लिहिलेली. तिच्यात शिकविणे हे क्रियापद हुकूम, तक्ते आणि अहवाल यांच्या रूपाने सर्वत्र आहे. शिकणे हे क्रियापद मात्र जवळजवळ कोठेच नाही. प्रयोजक वाक्य कागदावर पूर्ण होते, मूळ वाक्य घडतच नाही. कादंबरीचा उपहास साऱ्या बाजूंना सारखाच लागतो आणि त्यामुळे शिकू न शकलेल्या माणसाचे दुःख अधूनमधून हास्यात विरून जाते, हे तिचे उणे म्हणता येईल. तरी तिचे नावच मोठी टीका आहे. एकलव्याचा उजवा अंगठा तुटला. निरक्षराचा डावा अंगठा शाईत बुडाला. दोन्ही अंगठे अशाच माणसांचे आहेत, ज्यांच्या नावाने शिक्षणाचा व्यवहार झाला आणि ज्यांना शिक्षण मिळाले नाही.

२००२ सालच्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ साली त्याचा अधिनियम आला. त्या अधिनियमाच्या मराठी नावात सक्ती आणि हक्क हे दोन्ही शब्द शेजारी आहेत, आणि त्याच्याच सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. हिंदीत हे कलम शिक्षेच्या कायद्यातील दंडबंदी ठरते. मराठीत ते शिक्षणाच्या कायद्यातील शिक्षाबंदी आहे. भाषेने शतकांपूर्वी ज्या दोन शब्दांना वेगळे केले, त्यांना व्यवहारातही वेगळे करावे, एवढीच या कलमाची मागणी आहे.

ती पुरी झाली की नाही, हे पाट्यांवरून कळणार नाही. मानेसरच्या पाटीवर शिक्षा लिहिलेले असो की कोल्हापूरच्या पाटीवर शिक्षण, त्या दाराच्या आत कर्ता कोण आहे, हे पाहिले पाहिजे. मूल तेथे शिकत असेल तर गुरूने शिकविले, या वाक्याला अर्थ येतो. मूल तेथे केवळ पढविले जात असेल, किंवा त्याच्याकडून काम करवून घेतले जात असेल, तर गुरूला त्या वाक्यावर हक्क सांगता येणार नाही, आणि दक्षिणेवर तर नाहीच नाही.